वारसांच्या शोधांत : देवरूख ते लालबाग

सरकारी नोकरींतून निवृत्त झालेल्या कारकुनानें प्रवासवर्णन लिहावें, हें आमच्या मासिकाच्या वाचकांस थोडें चमत्कारिक वाटेल. आम्हीं काशी-रामेश्वर केलेलें नाहीं, आणि ज्या प्रवासाविषयीं येथें लिहावयाचें आहे तो देवरुखाहून चिपळूण, तेथून मुंबई व परत देवरूख एवढाच होता. दिवस एकंदर आठ. तथापि ज्या कामासाठीं तो घडला तें काम आपल्या भागांतील पुष्कळ घरांत तसेंच पडून आहे, आणि वाटेंत जीं माणसें भेटलीं व ज्या बातम्या कानांवर आल्या त्यांचाहि शेतकऱ्याशीं संबंध आहे, म्हणून हे चार शब्द.

सन २०२५ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत आमच्या गांवच्या चावडींत वाचन झालें. राज्य सरकारनें त्या सालीं १ एप्रिलपासून 'जिवंत सातबारा' नांवाची मोहीम सर्व जिल्ह्यांत सुरू केली होती. सातबाऱ्यावर ज्यांचीं नांवें आहेत परंतु जे हयात नाहींत अशा खातेदारांची यादी करावी, ती गांवांत वाचून दाखवावी आणि त्यांच्या जागीं वारसांचीं नांवें लावावीं, असा तिचा हेतु. पूर्वीं ज्यांस तलाठी म्हणत त्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. आमच्या गांवीं त्या जागेवर एक तरुण बाई आहेत. त्यांनीं स्पष्ट आवाजांत एकेक खातें व नांव वाचण्यास प्रारंभ केला, आणि आठव्या कीं नवव्या ठिकाणीं आमच्या तीर्थरूपांचें नांव वाचलें. चावडींत बसलेल्या मंडळींनीं यादीकडे न पाहतां आमच्याकडे पाहिलें.

तीर्थरूपांस जाऊन बावीस वर्षें झालीं होतीं. त्यांपैकीं एकवीस वर्षांहून अधिक काळ आम्ही महसूल खात्यांत नोकरीस होतों. शिक्षण मराठी शाळेंतलें. शिपाई म्हणून लागलों, पुढील परीक्षा नोकरींत राहून दिल्या आणि लिपिक झालों. दुसऱ्यांच्या वारस-नोंदींचे किती कागद आमच्या हाताखालून गेले असतील याची मोजदाद नाहीं. आणि स्वतःच्या घरचा सातबारा मात्र मेलेल्या माणसाच्या नांवें! बाई कांहीं बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें.

तीर्थरूपांचें एकट्याचेंच नांव सातबाऱ्यावर कसें होतें, तेंहि सांगितलें पाहिजे. आमचे आजोबा १९७२ सालीं वारले. त्या काळीं पुष्कळ ठिकाणीं वारस-नोंद करतांना सर्व भावंडांचीं नांवें न घेतां थोरल्या मुलाचें एकच नांव घेत आणि त्यापुढें 'ए. कु. मॅ.' अशीं अक्षरें लिहीत. त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीच्या वारसांचा हक्क त्यामुळें जात नाहीं, पण तो कागदावर दिसेनासा होतो. आमच्या आजोबांस तीन मुलगे व एक मुलगी. मधले काका गिरणींत कामाला म्हणून मुंबईस गेले, धाकटे काका पुढें डोंबिवलीस स्थायिक झाले, आत्या चिपळुणास दिली. गांवीं राहिले ते आमचे तीर्थरूप, म्हणून कसणारे तेच आणि त्यांच्या मागें आम्ही. जमीन फार नाहीं, १ हेक्टर ६४ आर. पैकीं २२ आर भाताची, बाकी वरकस व कातळ. त्यांत हापुसाचीं चौदा कलमें, चाळीसएक काजू, आणि परसांत कोकमाचीं चार झाडें.

वाचकांपाशीं खरें सांगावयाचें तर, वारस-नोंद राहिली ती निव्वळ आळसानें राहिली नाहीं. नोंद केली असती तर नऊ नांवें चढलीं असतीं. न केल्यानें कोणी विचारीत नव्हतें, आंबा-काजूचे पैसे आमच्या हातीं येत होते, आणि आम्हीं त्यांतील वांटा कोणास दिला नव्हता. गडगे आम्हीं घातले, वानर-डुकरांपासून राखण आम्हीं केली, फवारणीचा खर्च आम्हीं केला, हें सर्व खरें आहे. परंतु हिशेब विचारणारा कोणी नसला म्हणजे तो न देण्याची संवय लागते, हेंहि खरें आहे.

निकड लागली ती निराळ्याच कारणानें. मे महिन्याच्या आरंभीं नालासोपाऱ्याच्या चुलतभावाचा मोबाईलवर निरोप आला, कीं सड्यावरची जागा पाहून गेलेला एक दलाल त्याला भेटला असून, त्याच्या हिश्शापुरते पैसे रोख देण्यास तयार आहे. हमरस्त्याच्या रुंदीकरणापासून आपल्या तालुक्यांत हे दलाल पावसाळ्यांतल्या अळंब्यांसारखे उगवले आहेत. कातळ म्हणून ज्याकडे आपण ढुंकून पाहत नव्हतों तोच त्यांना हवा असतो. आम्हीं निरोप दोनदां ऐकला, सौभाग्यवतींना पिशवी भरण्यास सांगितलें, आणि १७ मे रोजीं सकाळच्या एस्.टी.नें निघालों. पिशवींत दोन कपडे, चार डझन आंबे, सातबाऱ्याचे व फेरफाराचे उतारे, आणि आत्यासाठीं लिहून घेतलेला हक्कसोडपत्राचा मसुदा होता.

देवरुखाहून संगमेश्वरापर्यंतचा रस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. शास्त्री व सोनवी यांच्या संगमापाशीं मुंबई-गोवा हमरस्ता लागतो. या रस्त्याचें रुंदीकरण २०११ सालीं सुरू झालें. चौदा वर्षांनीं आम्ही गेलों तेव्हांहि आरवलीच्या आसपास गाडी एकदां या बाजूनें, एकदां त्या बाजूनें नेत होते. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "रामाचा वनवास संपला, आमचा चालूंच आहे." कापलेल्या डोंगरांची तांबडी माती उघडी पडलेली पाहून आमच्या पोटांत धस्स होतें, कारण या जिल्ह्यांत पावसाळ्याचे सव्वातीन हजार मिलिमीटर पाणी तिच्यावर पडावयाचें असतें.

चिपळुणास आत्याच्या घरीं दुपारीं पोंचलों. आत्याचें वय चौऱ्यांशी. तिचें घर बाजाराकडील सखल भागांत आहे. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठी व शिव या नद्यांचें पाणी शहरांत शिरलें तेव्हां तिच्या घरांत माळ्यापर्यंत पाणी होतें, आणि ती दोन रात्री शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसून होती. त्याच दिवशीं चिपळूणच्या एस्.टी. आगारांत पाणी भरलें असतां तेथील व्यवस्थापक सुमारें नऊ लाख रुपयांची रोकड घेऊन कित्येक तास बसच्या टपावर बसून राहिले होते, ही हकीकत तेव्हां वर्तमानपत्रांत आली होती. सरकारी तिजोरीशीं ज्याचा संबंध आला आहे त्यालाच ते तास कसे गेले असतील याची कल्पना येईल. आत्याची मात्र ट्रंक गेली. तींत लग्नांतील शालू, यजमानांचे फोटो आणि कागदपत्रें होतीं. ती म्हणते, पाणी ओसरल्यावर ट्रंक सांपडली, पण आंत चिखलाची एक वीट झाली होती.

याच वाशिष्ठीविषयीं एक गोष्ट येथें नमूद करावीशी वाटते. कोयनेचें पाणी पोफळीकडे वीजघरांतून उतरून वाशिष्ठीस मिळतें. १९६२ सालीं पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली तेव्हांपासून हें चाललें आहे. वर्षास सुमारें ६७ अब्ज घनफूट पाणी घाटावरून कोंकणांत येतें, वीज देतें आणि समुद्रास मिळतें. आणि मार्च-एप्रिलांत याच जिल्ह्यांतील वाड्यांना टँकर लागतात. तें पाणी अडवून वापरण्याच्या योजना आमच्या नोकरीच्या आरंभापासून कानांवर आहेत. असो, कारकुनानें याहून अधिक बोलूं नये.

जेवण झाल्यावर आम्हीं विषय काढला. मुलींचीं नांवें वारसांत लागलींच पाहिजेत, पण आपल्याकडे बहिणी भावांसाठीं हक्क सोडून देतात, त्याला आतां नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतें, गाडी करून नोंदणी कचेरींत नेऊं, पायऱ्या चढाव्या लागणार नाहींत, अंगठ्याचें काम पांच मिनिटांचें, असें सर्व व्यवस्थित सांगितलें. हें भाषण आम्हीं पूर्वीं किती तरी बायांना केलें आहे. पूर्वीं तर तलाठ्यापुढें जबाब दिला कीं बहिणींचीं नांवें कमी होत. तोंडावर पदर घेऊन "आम्हांला काय करायचें आहे, भाऊ सुखी राहोत" असें म्हणणाऱ्या बाया आम्हीं पाहिल्या आहेत, आणि तसें म्हणाल्याबद्दल त्यांची वाखाणणीहि केली आहे.

आत्यानें मसुदा हातांत घेतला. चष्मा लावून सावकाश शेवटपर्यंत वाचला. मग विचारलें, "यांत माझें नांव किती वेळां आलें आहे?"

आम्हीं म्हटलें, चार-पांच वेळां आलें असेल.

"आणि सही केल्यावर सातबाऱ्यावर किती वेळां येईल?"

आम्ही उगीच राहिलों. तेव्हां ती म्हणाली, "अरे बाबा, मला जमीन घेऊन काय करायची आहे? मी कांहीं कोळपायला येणार नाहीं. पण तुझा बाप असेपर्यंत दर वर्षीं आंब्याची एक पेटी, कोकमाचीं सोलें आणि नव्या तांदुळाची एक पायली माझ्या दारांत येत होती. तो गेला आणि तें सगळें बंद झालें. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून मी तेव्हां कांहीं बोललें नाहीं. कागदावर माझें नांव असतें, तर तुम्हांला दर वर्षीं तें दिसलें असतें."

आम्हीं आणलेले चार डझन आंबे कोपऱ्यांत होते. बावीस वर्षांत तिच्या दारीं नेलेले ते पहिलेच होते, आणि तेहि हक्कसोडपत्राबरोबर. मसुदा पिशवींत परत ठेवला, आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासाठीं तिच्या आधारकार्डाची प्रत मागून घेतली. ती तिनें आनंदानें दिली.

ज्या वाचकांच्या घरीं असा प्रसंग असेल त्यांच्यासाठीं कायद्याची एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. हिंदु वारसा कायद्यांत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलार्जित मिळकतींत मुलाप्रमाणें जन्मतःच हक्क मिळाला; आपल्या राज्यानें तर १९९४ सालींच तशी तरतूद केली होती, मात्र ती त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुलींस लागू नव्हती. बाप २००५ पूर्वींच वारला असेल तर काय, असा वाद पुष्कळ वर्षें चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं त्या तारखेस बाप हयात असण्याची जरुरी नाहीं. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर वांटप होऊन गेलें असेल तर तें मात्र मोडत नाहीं. आमच्या घरीं वांटप झालेलेंच नव्हतें. म्हणजे चौऱ्यांशी वर्षांची आमची आत्या तिच्या भावांच्या बरोबरीची हक्कदार होती, आणि हें ठाऊक असूनच आम्ही मसुदा घेऊन गेलों होतों.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं चिपळुणाहून तुतारी गाडीनें मुंबईस निघालों. कोंकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून सबंध मार्गावर धांवूं लागली, आणि ज्यांनीं बोटीचा व घाटाचा प्रवास पाहिला आहे त्यांना ती अजून नवलाची वाटते. बिनआरक्षणाच्या डब्यांत पाय ठेवण्यास जागा नव्हती. सबंध डब्यांत एकच विषय होता. त्या महिन्याच्या ७ तारखेपासून १० तारखेपर्यंत पाकिस्तानशीं चकमक झाली होती, आणि ज्याचा मुलगा वा भाचा फौजेंत आहे असा प्रत्येक गृहस्थ दुसऱ्यास मोबाईल दाखवीत होता. आमच्या शेजारीं बसलेला एक मनुष्य मात्र कांहीं न बोलतां मांडीवरील पिशवी सांभाळीत होता. तो नेपाळचा. रत्नागिरीकडे आंब्याच्या बागांत राखणीस जे नेपाळी गडी येतात त्यांपैकीं तो एक, आणि अकरा हंगाम तो एकाच बागेंत राहिला होता. त्याची मराठी आमच्या मुंबईकर पुतण्यांहून शुद्ध! मोहोर कधीं फुटला, तुडतुडा कधीं आला, थ्रिप्सवर कोणतें औषध चाललें नाहीं, हें सर्व त्यानें तारीखवार सांगितलें. आम्हीं विचारलें, तुझी स्वतःची जमीन आहे काय? तर म्हणाला, आहे, डोंगरावर सात-आठ पायऱ्यांची. पण भाऊ दिल्लीस, मी इकडे, बाप म्हातारा. दोन वर्षें पडीक आहे. आम्ही त्याला गांवीं परत जाण्याचा उपदेश करणार होतों, इतक्यांत आपल्याच तालुक्यांतील पडीक खाचरें डोळ्यांपुढें आलीं आणि तोंड आपोआप मिटलें.

पहांटे दादरला उतरून लालबागेस गेलों. मधल्या काकांचा थोरला मुलगा तेथें एका जुन्या चाळींत राहतो. आम्ही त्यास दादा म्हणतों, कारण तो आमच्याहून चार वर्षांनीं मोठा. दहा बाय पंधराची खोली, तींत पांच माणसें. समोर जेथें गिरणीचें धुराडें होतें तेथें आतां चाळीस मजल्यांची इमारत उभी आहे. काका प्रथम मुंबईस आले तेव्हां गांवकरी मंडळाच्या खोलींत राहत असत. गिरणगांवांत कोंकणांतील कित्येक गांवांच्या अशा खोल्या होत्या. भिंतीशीं प्रत्येकाची एक ट्रंक, जेवण खाणावळींत, आणि झोप पाळीप्रमाणें : रात्रपाळीचा परत आला कीं दिवसपाळीच्याची वळकटी त्याला मिळे. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं संप सुरू झाला आणि सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधीं रीतसर मिटलाच नाहीं. काका पांच-सहा महिने वाट पाहून मुलाबाळांसह गांवीं आले.

त्या काळाची आठवण दादानें काढली. तो तेव्हां एकोणीस वर्षांचा होता, आम्ही पंधरा. दोन पावसाळे आम्ही मिळून चिखलणी केली, तरवा काढला, लावणी केली. "त्या दोन वर्षांत आम्हांला कोणी परकें म्हटलें नाहीं," दादा म्हणाला, "काकींनीं ताट वेगळें वाढलें नाहीं. म्हणून आजवर मी आंब्याचा हिशेब विचारला नाहीं." आम्हांला वाटत होतें कीं तो विसरला आहे. तो विसरला नव्हता; त्यानें सोडून दिलें होतें. त्यानें कागद दिले, प्रतिज्ञापत्रावर सही केली, पनवेलच्या बहिणीस मोबाईल करून तिचेहि कागद मागविले, आणि नालासोपाऱ्यास आमच्याबरोबर येण्यासाठीं कामावर सुट्टी टाकली.

नालासोपाऱ्याचा प्रसंग थोडक्यांत सांगतों, कारण त्यांत सांगण्याजोगें सुख नाहीं. धाकट्या चुलतभावाची नोकरी सुटली आहे, घराचे हप्ते आहेत, मुलीची फी आहे. त्याचें म्हणणें, "गांवची जमीन तुम्ही खाल्लीत, आम्हीं फक्त गणपतींत पाहिली. आतां मला पैसे मिळतात तर अडवतां कां?" या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. कायदा मात्र आम्हांस ठाऊक होता, तो सांगितला. वांटप न झालेल्या जमिनींतील आपला अविभक्त हिस्सा विकतां येतो. पण घेणारास अमुक कोपरा मिळत नाहीं, तो सहहिस्सेदार होऊन वांटपाची मागणी करतो, आणि मग आत्यापासून पनवेलच्या बहिणीपर्यंत सर्वांना दावा लढावा लागतो. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणें बिगरशेतकऱ्यास शेतजमीन परवानगीवांचून घेतां येत नाहीं. दलाल म्हणून कोठला तरी दूरचा सातबारा दाखवितात, तो नीट तपासावा. शिवाय वारसा कायद्याचें कलम २२ आहे. मृत्युपत्र न करतां वारलेल्या माणसाची मिळकत ज्या पहिल्या वर्गाच्या वारसांकडे मिळून आली, त्यांपैकीं एकास आपला हिस्सा विकावयाचा असेल तर इतर वारसांस तो घेण्याचा अग्रहक्क असतो. हें कलम शेतजमिनीस लागू नाहीं असें पूर्वीं कांहीं कोर्टें म्हणत. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें लागू असल्याचा निर्णय दिला.

तो म्हणाला, "मग तुम्हीच घ्या." दादानें आमच्याकडे पाहिलें. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेंतून आम्हांस घराचें छप्पर नवें करावयाचें होतें. रात्रभर विचार करून सकाळीं आम्हीं सांगितलें, कीं प्रथम नऊ नांवें लागूं द्यावीं, मग तहशीलदारांपुढें कलम ८५ प्रमाणें संमतीनें वांटप करावें, आणि त्याच्या हिश्शाची किंमत दलालानें सांगितली तेवढी नव्हे पण पंचांनीं ठरविली तेवढी आम्ही व दादा दोन हप्त्यांत देऊं. तो लगेच हो म्हणाला नाहीं. पण कागद त्यानें दिले. छप्पराचें पुढें पाहतां येईल. कौलें अजून गळत नाहींत, फक्त वळचणीकडे थोडीं सरकलीं आहेत.

डोंबिवलीच्या काकूंकडील काम सहज झालें. त्यांचा मुलगा वाशीच्या बाजारसमितींत एका व्यापाऱ्याकडे कारकून आहे. त्याच्याबरोबर एक सकाळ फळबाजार पाहिला. पेट्यांच्या भिंती, हमालांच्या आरोळ्या, आणि परप्रांतांतला आंबा हापूस म्हणून खपविण्याची कला, हें सारें आमच्या बागायतदार वाचकांस ठाऊक आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर येथील हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, परंतु पेटीवर खूण असल्यावांचून गिऱ्हाइकास त्याचा उपयोग नाहीं. त्या दिवशीं बाजारांत एकाच बातमीची चर्चा होती. नव्या मुंबईंत विकिरण करून विमानानें अमेरिकेस गेलेल्या आंब्यांचीं सुमारें पंधरा खेपा तिकडील अधिकाऱ्यांनीं नाकारल्या होत्या. फळांत कीड नव्हती; विकिरणाच्या कागदांत चूक असल्याचें कारण देण्यांत आलें. आंबे परत आणण्याचा खर्च परवडेना म्हणून तेथेंच नष्ट करावे लागले, आणि नुकसान सुमारें पांच लाख डॉलरांचें सांगत होते. पुतण्या हळहळून म्हणाला, "एका कागदापायीं!" आम्हीं तीस वर्षें कागदच सांभाळले, पण पिशवींत मेलेल्या माणसाच्या नांवाचा सातबारा असतांना त्यावर कांहीं बोलणें शोभलें नसतें.

परतीस निघालों तों पाऊस. मोसमी पाऊस त्या सालीं केरळांत २४ मे रोजींच आला, २५ रोजीं देवगडापर्यंत पोंचला आणि २६ रोजीं मुंबईस. त्याच्या आधींचे चार-पांच दिवसहि कोंकणांत झोडपून काढीत होता. मुंबईस त्याची नेहमींची तारीख ११ जून. २४ तारखेस संगमेश्वर स्थानकावर उतरलों तेव्हां रिक्षावाला गुडघाभर पाण्यांत उभा होता. गांवीं सर्वांचीच त्रेधा उडालेली. ज्यांनीं धूळवाफेची पेरणी योजिली होती त्यांस कोरडी जमीनच मिळाली नाहीं, दाढी भिजल्या, झाडावर राहिलेला आंबा गळून चिखलांत पडला, गवत व लांकूडफांटा उघड्यावर. आमच्या घरीं कोकमाचीं सोलें अंगणांतून ओसरीवर, ओसरीवरून माजघरांत आणि तेथून चुलीवरील मांडणीवर अशीं फिरत होतीं. ऊन पाहिजे तेव्हां सोलांचे सात थर रसांत भिजवून वाळवितां येतात. त्या सालीं तिसऱ्या थरालाच पाऊस आला.

मोहिमेची मुदत १० मे रोजींच संपली होती, पण वारस-नोंद कधींहि होते. खरें तर हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत वर्दी द्यावी असें जमीन महसूल संहितेचें कलम १४९ सांगतें. मृत्यूचे दाखले, वंशावळीचें प्रतिज्ञापत्र, सर्वांच्या ओळखीचे कागद व अर्ज एवढें घेऊन आम्ही चावडींत गेलों. बाईंनीं एकेक कागद पाहिला. आजोबांच्या मृत्यूचा दाखला जुन्या जन्ममृत्यु-रजिस्टरांतून काढविला होता, तो पाहून त्या खूष झाल्या. नऊ नांवें त्यांनीं आमच्यासमोर यंत्रावर घातलीं. आत्याचें नांव घालतांना त्यांनीं विचारलें, "यांचें हक्कसोडपत्र नाहीं ना?" आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. त्यांनीं पहिल्यानेंच आमच्याकडे मान वर करून पाहिलें, आणि पुढच्या नांवाकडे वळल्या. नोटिसा निघाल्या, हरकतीचे पंधरा दिवस गेले, आणि मंडळ अधिकाऱ्यांनीं नोंद प्रमाणित केली. नालासोपाऱ्याच्या भावानें हरकत घेतली नाहीं. वांटपाच्या अर्जावर मात्र त्यानें अजून सही केलेली नाहीं. दादा दर रविवारीं त्याच्याकडे जात असतो.

नवा सातबारा हातीं आला त्याच दिवशीं त्याची एक प्रत, कोकमाच्या सोलांची पिशवी आणि मिळाला तो पायलीभर जुना तांदूळ असें एस्.टी.च्या पार्सलानें चिपळुणास पाठविलें. आंबे संपले होते. चौथ्या दिवशीं आत्याचा मोबाईल आला. सातबाऱ्याविषयीं ती कांहीं बोलली नाहीं. म्हणाली, "सोलें ओलीं कां रे? तुझा बाप कधीं ओलीं पाठवीत नसे. मीं तव्याखालीं निखारे घालून वाळवायला ठेवलीं आहेत."